कोठीघर आणि अन्नपेढी : अमेरिकेतील नगरांमधील अन्नदानाचा इतिहास

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात एका मुंगसाची कथा आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध यज्ञ सिद्धीस गेला होता. अन्नाचे पर्वत रचले गेले होते, दही-तुपाचे पाट वाहिले होते, आणि तृप्त झालेले ब्राह्मण व याचक राजाची स्तुती करीत होते. अशा वेळी एक मुंगूस यज्ञमंडपात आले. त्याचे अर्धे अंग सोन्याचे होते. मनुष्यवाणीने ते म्हणाले की, कुरुक्षेत्रातील एका दरिद्री ब्राह्मणाने दिलेल्या प्रस्थभर सातूच्या पिठाची सर ह्या यज्ञाला येणार नाही.

तो ब्राह्मण उंछवृत्तीने राहत असे. पीक काढून नेल्यानंतर शेतात जे दाणे पडून राहतात ते वेचून त्यांवर निर्वाह करणे, ह्यास उंछवृत्ती म्हणतात. दुष्काळात अनेक उपवासांनंतर त्याच्या कुटुंबाला थोडे सातू मिळाले. त्याचे चार वाटे झाले आणि घास तोंडात जाणार तोच दारात अतिथी उभा राहिला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला. मग पत्नीने, पुत्राने व शेवटी सुनेनेही आपापला वाटा दिला. त्या जागी सांडलेल्या कणांत मुंगूस लोळले तेव्हा त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडले. परंतु युधिष्ठिराच्या यज्ञातही त्याची इच्छा पुरी झाली नाही.

अन्न किती दिले ह्यापेक्षा ते कशातून दिले आणि कोणाकडे पाहून दिले, हा ह्या कथेचा प्रश्न होय. आपल्यापाशी उरले म्हणून दिले, की समोरच्याला हवे म्हणून दिले? वरवर पाहता दोन्ही अन्नदानेच. परंतु त्यांच्या वाटा पुढे निरनिराळ्या होतात. विसाव्या शतकात ह्या प्रश्नाची फार मोठी परीक्षा जगातील एका अत्यंत धनाढ्य देशात, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली. ज्यांना मठातील पंक्ती, शिधा आणि कोठीघर हे शब्द घरचे आहेत, त्यांना तो इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. त्यातील एक महत्त्वाचा अध्याय एका मठाच्याच दारात सुरू झाला.

मठाचे दार

मिशिगन राज्यातील डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. तेथे सेंट बोनाव्हेंचर नावाचा कॅपुचिन संन्याशांचा मठ आहे. कॅपुचिन ही संत फ्रान्सिसच्या परंपरेतील एक शाखा. तपकिरी रंगाची कफनी, अपरिग्रहाचे व्रत आणि भिक्षेवर निर्वाह ही त्यांची जुनी रीत. ह्या मठाच्या दारावर इ. स. १९२४ पासून फादर सोलॅनस केसी नावाचे साधू द्वारपाल म्हणून बसत. विद्याभ्यासात ते मागे पडले होते. म्हणून त्यांना दीक्षा मिळाली तरी धर्मोपदेश करण्याचा व पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार मिळाला नाही. दार उघडणे आणि आलेल्याचे ऐकून घेणे हेच काम त्यांच्या वाट्याला आले. पुढे त्या दारानेच त्यांना थोरपण दिले.

१९२९ साली शेअरबाजार कोसळला आणि कारखान्यांची धुराडी थंड पडू लागली. कालपर्यंत मोटारी जोडणारे हात मठाच्या दारावर भाकरी मागू लागले. प्रथम दारातच पाव व कॉफी देण्यात येई. माणसे वाढली तेव्हा शेजारच्या सभागृहात मांडणी करावी लागली. अशा रीतीने त्या वर्षी कॅपुचिन अन्नछत्राची स्थापना झाली. कधीकधी दोन हजारांवर माणसे दिवसातील एकुलत्या एका जेवणासाठी रांगेत उभी असत. पंथाचे गृहस्थ अनुयायी आसपासच्या शेतांवर जाऊन भाजी गोळा करून आणीत. एके दिवशी भाकरी संपली, सोलॅनस ह्यांनी सर्वांना प्रार्थना करण्यास सांगितले आणि तेवढ्यात बेकरीची गाडी दाराशी येऊन थांबली, अशी आख्यायिका तेथील भाविक आजही सांगतात. सोलॅनस १९५७ साली निवर्तले. २०१७ साली डेट्रॉइट येथे मोठ्या जनसमुदायासमोर रोमच्या धर्मपीठाच्या वतीने त्यांना ‘धन्य’ ही पदवी जाहीर करण्यात आली.

ह्या अन्नछत्राचा उगम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. संन्याशांपाशी धान्याचा साठा नव्हता. प्रथम भुकेलेला आला, आणि मग त्याच्यासाठी अन्न शोधण्यात आले.

शेतात सुकाळ, नगरात दुष्काळ

त्याच काळी देशाच्या दुसऱ्या टोकाला उलट चित्र दिसत होते. १९३३ पर्यंत सुमारे चौथा हिस्सा कामकरी वर्ग बेकार झाला होता. भाकरीच्या रांगा प्रत्येक मोठ्या नगरात लागत होत्या. आणि शेतकऱ्याजवळ मात्र धान्य इतके पडून होते की त्याचा भाव उत्पादनाच्या खर्चाखाली गेला होता. भाव सावरण्यासाठी सरकारने उत्पादनच कमी करण्याचे ठरविले. शेतातील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. सुमारे साठ लक्ष डुकरांची पिल्ले विकत घेऊन मारण्यात आली. त्यांतील काही मांस गरिबांत वाटले गेले, परंतु पुष्कळशा पिल्लांची चरबी आणि खतच झाले. उपाशी माणसांच्या डोळ्यांदेखत अन्नाचा असा नाश व्हावा, ह्याने देश हादरला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात वाढीव शेतमाल खरेदी करून गरजूंना पोहोचविणारे एक सरकारी महामंडळ स्थापन करण्यात आले.

हे पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु त्याचा दृष्टिकोन गोदामाचा होता. जे शिल्लक पडेल ते वाटायचे. एखाद्या आठवड्यात एकाच जिनसेचा ढीग येई आणि पुढच्या आठवड्यात तीही नाही. लेकरांना काय लागते हा विचार कोष्टकात कोठेच नव्हता.

१९३९ च्या मे महिन्याच्या १६ तारखेस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात एक निराळा प्रयोग आरंभिला गेला. मदतीवर असलेल्या कुटुंबाने नारिंगी रंगाच्या चिठ्ठ्या विकत घ्यायच्या. एका डॉलरच्या नारिंगी चिठ्ठ्यांमागे पन्नास सेंटांच्या निळ्या चिठ्ठ्या फुकट मिळत. नारिंगी चिठ्ठीवर दुकानातून कोणताही खाद्यपदार्थ घेता येई, आणि निळीवर सरकारने जाहीर केलेला विपुल शेतमाल. ह्यामुळे गरीब माणूस रांगेतून निघून नेहमीच्या वाण्याच्या दुकानात इतर गिऱ्हाइकांच्या शेजारी उभा राहू लागला. ही योजना देशाच्या जवळजवळ निम्म्या तालुक्यांत पसरली. १९४३ साली, महायुद्धामुळे बेकारी हटली व शिल्लक माल उरला नाही, तेव्हा ती बंद करण्यात आली. १९६४ च्या कायद्याने ती पुन्हा कायम स्वरूपात आली. तरीही चिठ्ठ्या मिळविण्यासाठी आधी काही रोख भरावी लागत असे. ज्याच्या हाती काहीच नाही त्याला म्हणून काहीच नाही, असा त्याचा अर्थ होई. ही अट १९७७ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली.

फिनिक्सची पेढी

सरकारी मदत अशा प्रकारे अडखळत चालली असता वाळवंटातील फिनिक्स शहरात एका सामान्य माणसाच्या हातून एक नवीन संस्था निर्माण झाली. जॉन व्हॅन हेंगेल (१९२३–२००५) हे मूळचे विस्कॉन्सिन राज्याचे. तरुणपणी त्यांनी अनेक उद्योग केले. पुढे संसार मोडला. दगडाच्या खाणीत काम करीत असता दुसऱ्यांचे भांडण सोडविताना त्यांना जबर दुखापत झाली आणि पायांतील शक्ती मंदावली. उष्ण हवेच्या प्रदेशात राहावे ह्या सल्ल्यावरून ते ॲरिझोनात आले, आणि तेथील सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या भोजनगृहात स्वेच्छेने सेवा करू लागले.

फिनिक्सच्या रस्त्यांवर व बागांत संत्र्या-मोसंब्यांची झाडे पुष्कळ. फळे पिकून खाली पडत व कुजत. व्हॅन हेंगेल मालकांची परवानगी घेऊन ती तोडून आणू लागले. एका जुन्या दुधाच्या गाडीतून ते फळांच्या राशी आणीत. भोजनगृहाला पुरून ती इतकी उरू लागली की ते ती दुसऱ्या सेवासंस्थांना पोहोचवू लागले. ही एका अर्थी उंछवृत्तीच होती. मात्र वेचलेला दाणा वेचणाऱ्याच्या घरी जात नव्हता.

अशातच त्यांची एका स्त्रीशी गाठ पडली. तिचा पती तुरुंगात होता आणि पदरी दहा मुले होती. किराणा दुकानाच्या मागे टाकलेल्या डब्यांतून ती मुलांचे अन्न मिळवीत असे. व्हॅन हेंगेल ह्यांनी स्वतः जाऊन पाहिले, तो त्या डब्यांत गोठविलेले पदार्थ अद्याप गोठलेलेच होते, गाजरे ताजी होती आणि पाव केवळ एका दिवसाचा शिळा होता. त्या स्त्रीनेच त्यांना सुचविले की, पैसा ठेवायला व काढायला जशी पेढी असते तशी अन्नाची असावी. ज्याच्यापाशी जास्त आहे त्याने तेथे ठेवावे आणि ज्याला हवे त्याने न्यावे.

ह्या इतिहासातील हा क्षण सर्वांत महत्त्वाचा होय. पुढे ज्या कल्पनेवर शेकडो संस्था उभ्या राहिल्या ती एखाद्या अर्थशास्त्रज्ञाला वा धनिकाला सुचली नाही. ती भुकेचा अनुभव घेणाऱ्या एका मातेने दिली. तिचे नाव इतिहासात नोंदले गेलेले नाही.

व्हॅन हेंगेल ही कल्पना घेऊन सेंट मेरी ह्या फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मंदिराकडे गेले. मंदिराने तीन हजार डॉलर आणि एक ओस पडलेली बेकरी त्यांच्या स्वाधीन केली. इ. स. १९६७ मध्ये ‘सेंट मेरी फूड बँक’ ह्या नावाने पहिली अन्नपेढी सुरू झाली. पहिल्याच वर्षी सुमारे अडीच लक्ष पौंड अन्न छत्तीस सेवासंस्थांना पोहोचविण्यात आले. पिचलेले डबे, चुकीची चिठ्ठी लागलेली पाकिटे, मुदत संपत आलेला परंतु उत्तम स्थितीतील माल हे ह्या पेढीचे भांडवल होते. व्हॅन हेंगेल स्वतः अत्यंत साधेपणाने राहत.

हेच वर्ष आणखी एका कारणाने संस्मरणीय आहे. १९६७ च्या एप्रिल महिन्यात सिनेटर रॉबर्ट केनेडी मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात गेले असता कृष्णवर्णीय मजुरांच्या झोपड्यांत त्यांना उपासमारीने खंगलेली मुले दिसली. वैद्यांच्या एका मंडळानेही त्याच वर्षी तसाच अहवाल दिला. चंद्रावर माणूस उतरविण्याच्या तयारीत असलेल्या देशात मुले उपाशी आहेत, हे सत्य लोकांसमोर आले. १९६९ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ब्लॅक पँथर ह्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने एका चर्चच्या सभागृहात शाळकरी मुलांना सकाळची न्याहारी फुकट देण्यास आरंभ केला. रिकाम्या पोटी अक्षर डोक्यात शिरत नाही, एवढाच तिचा आधार होता. सरकारची शाळान्याहारीची योजना १९६६ पासून प्रयोगादाखल चालू होती. १९७५ साली ती कायम करण्यात आली.

कोठीघराचा कारभार

अन्नछत्र, कोठीघर आणि पेढी ह्या तीन संस्थांतील भेद येथे स्पष्ट करणे इष्ट होईल. अन्नछत्रात शिजलेले अन्न पंक्तीला बसून जेवायचे असते. कोठीघरातून शिधा मिळतो. तो घरी नेऊन आपल्या चुलीवर रांधायचा. पेढी मात्र भुकेल्याला थेट काही देत नाही. ती घाऊक गोदाम असते. कारखानदार, शेतकरी, बाजार व सरकार ह्यांच्याकडून ती माल घेते, निवडते, थंड कोठारांत साठवते आणि अन्नछत्रांना व कोठीघरांना पुरविते. बदल्यात पुष्कळ पेढ्या त्यांच्याकडून वाहतूक व साठवणीपुरता वजनावर थोडासा आकार घेत आल्या. तो माल विकला जाऊ नये ह्यावरही पेढीची देखरेख असते.

नगरातील कोठीघर बहुधा एखाद्या चर्चच्या तळघरात, समाजमंदिरात वा रिकाम्या दुकानात थाटलेले असते. आठवड्यातून काही तासच ते उघडते. सेवेकरी बहुधा शेजारपाजारचेच असतात. निवृत्त शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी, आणि कित्येकदा पूर्वी तेथूनच शिधा नेलेली माणसेही. आलेल्याचे नाव व घरात खाणारी तोंडे किती एवढे विचारून काही दिवसांचा शिधा दिला जातो. तांदूळ, घेवड्याचे दाणे, शेवया, डबाबंद भाजी, शेंगदाण्याचे लोणी, मिळाल्यास दूध, अंडी व फळे असा तो असतो.

तेथे येणारा मनुष्य भिकारी किंवा बेघर असतो असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. येणाऱ्यांत नोकरी करणारे अनेक असतात. नगरातील गरिबीचे गणित विशेष क्रूर आहे. घराचे भाडे कमी करता येत नाही. ते चुकले तर छप्पर जाते. विजेचा आकार टाळता येत नाही. औषध टाळले तर दुखणे बळावते. काटता येण्याजोगा खर्च एकच उरतो, तो पोटाचा. म्हणून महिन्याच्या शेवटी वेतन संपले की कोठीघराची रांग लांबते. आई आपला घास मुलांना देते, आजोबा गोळी अर्धी करून घेतात, आणि हे बाहेर कोणालाही कळत नाही. खेड्यातील दुष्काळ शेतात दिसतो. नगरातील भूक बंद दारामागे असते.

पेढीची कल्पना झपाट्याने पसरली. १९७६ साली करकायद्यात बदल होऊन अन्न दान करणाऱ्या व्यापाऱ्यांना सवलत मिळाली. १९७९ साली निरनिराळ्या शहरांतील पेढ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे ‘सेकंड हार्वेस्ट’ हे नाव, म्हणजे दुसरी सुगी, बायबलातील दाणे वेचण्याच्या प्रथेची आठवण देणारे होते. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावीत, अशी त्या ग्रंथाची आज्ञा आहे. उंछवृत्तीचा विचार असा दूरच्या दोन परंपरांत एकत्र येतो. सद्भावाने दिलेल्या अन्नाबद्दल दात्यावर खटला होऊ नये असा कायदा १९९६ साली झाला. २००८ साली संघटनेने ‘फीडिंग अमेरिका’ हे नाव घेतले. तिच्या छत्राखाली दोनशेच्या आसपास पेढ्या आणि सुमारे साठ हजार कोठीघरे व अन्नछत्रे आली. युरोपातील पहिली अन्नपेढी १९८४ साली पॅरिस येथे स्थापन झाली.

एका शब्दाचा लोप

ह्या विस्तारात मात्र एक सल आहे, आणि तो झाकून ठेवल्यास इतिहास अपुरा राहील.

१९८१ साली अमेरिकेत मंदी होती. सरकारने अन्नचिठ्ठ्यांवरील खर्च आखडता घेतला होता. त्याच वेळी दुधाचे भाव टिकविण्यासाठी विकत घेतलेल्या चीजचे प्रचंड साठे सरकारी कोठारांत पडून होते. त्यांतील काहींना बुरशी धरू लागली होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनी तीन कोटी पौंड चीज गरिबांना वाटण्याची आज्ञा दिली. वाटप करणारे हात अर्थात कोठीघरांचे व चर्चांचे होते. रांगा लागल्या, नवीन कोठीघरे उघडली गेली. १९८३ साली ह्या वाटपाला कायद्याचे रूप मिळाले आणि त्याच्या नावातील पहिला शब्द होता ‘तात्पुरते’. १९९० साली तो शब्द नावातून काढून टाकण्यात आला.

कोणी मोठा समारंभ करून तो काढला नाही. शेतीविषयक एका विस्तृत कायद्यात तो गळाला. परंतु त्या गळण्यात फार मोठी कबुली होती. संकट सरेपर्यंत म्हणून जे उघडले होते ते संकट सरले तरी मिटले नाही. ज्यांनी कोठीघरे उघडली त्यांतील अनेकांची इच्छा ती लवकरात लवकर बंद करावी लागावीत अशी होती. भुकेला येईनासा होणे हेच अन्नदात्याचे यश. उलट येथे कोठीघर जितके नीट चालेल तितके सरकारचे व मालकांचे लक्ष वेतनावरून, भाड्यावरून आणि हक्कावरून हटण्याचा धोका निर्माण झाला. समाजातील विचारवंतांनी हा आक्षेप तीव्रतेने मांडला, आणि कित्येक पेढ्यांच्या चालकांनीच तो मान्य केला.

तथापि त्या आक्षेपाला सेवेकऱ्यांचे एक उत्तर होते. कायदा बदलण्यास वर्षे लागतात; लेकराला संध्याकाळी भूक लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि ह्या दोहोंच्या मध्ये उभे राहणे हेच कोठीघराचे प्राक्तन ठरले.

घेणाऱ्याची निवड

ह्या कोंडीतून मार्ग काढण्याचे काही प्रयत्न कोठीघरांतूनच झाले. पूर्वी सर्वत्र आधीच बांधून ठेवलेली पिशवी हाती देण्याची रीत होती. त्यात मधुमेह्याला गोड पदार्थ मिळत, चूल नसलेल्याला कच्चा शिधा मिळे, आणि ज्याच्या धर्माला वा सवयीला जे निषिद्ध ते त्याच्या पदरी पडे. अशी पिशवी घेताना मान खाली जात असे आणि त्यातील पुष्कळसे वाया जाई. मिशिगनसारख्या राज्यांतील काही पेढ्यांनी हे बारकाईने पाहिले. मग माल दुकानाप्रमाणे फळ्यांवर मांडावा आणि येणाऱ्याने आपल्याला हवे ते निवडून घ्यावे, ही पद्धत पसरू लागली. आश्चर्य असे की, लोक वखवखून सर्व उचलतील ही भीती बव्हंशी फोल ठरली. घरात काय संपले आहे हे जिला ठाऊक असते ती तेवढेच घेते.

पेढ्यांच्या राष्ट्रीय संघटनेलाही हाच धडा गिरवावा लागला. पूर्वी शिकागोच्या मुख्य कचेरीतून पाळीपाळीने माल धाडला जाई. बटाट्याने समृद्ध अशा आयडाहो राज्याच्या पेढीलाही बटाटेच पाठविले जाण्याचा संभव असे. २००५ साली एक नवी व्यवस्था आली. प्रत्येक पेढीला तिच्या भागातील गरजूंच्या प्रमाणात कल्पित चलन दिले जाऊ लागले आणि त्यावर तिने आपल्याला लागणाऱ्या मालासाठी बोली लावायची. पैशाचा संबंध त्यात नव्हता. जेथे गरिबी अधिक तेथे चलन अधिक. आणि काय घ्यावे हे ठरविणारी ती पेढीच. ह्या व्यवस्थेमुळे दूरच्या कचेरीला न कळणारी निकड मालाच्या वाटणीत उमटू लागली.

कोठीघरातील फळी आणि पेढ्यांची बोली, ह्या दोहोंचे मर्म एकच आहे. देणाऱ्याने आपल्या शहाणपणावरचा विश्वास थोडा कमी केला आणि घेणाऱ्याच्या शहाणपणावर थोडा वाढविला. फिनिक्सच्या त्या अनामिक मातेपासून जो धडा मिळाला होता तो समजण्यास ह्या संस्थांना जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

दान आणि हक्क

२०२० साली महामारी आली आणि कोठीघरांची शक्ती व मर्यादा एकाच वेळी दिसल्या. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे एप्रिलमध्ये एका दिवशी सुमारे दहा हजार कुटुंबे शिध्यासाठी आली. मैदानभर उभ्या राहिलेल्या मोटारींच्या रांगा जगाने चित्रांतून पाहिल्या. ज्यांनी कधी हात पसरला नव्हता अशी माणसे त्या मोटारींत बसली होती. पेढ्यांनी अहोरात्र काम करून त्यांना अन्न दिले. त्या सेवेचे मोल कोणीही कमी लेखू नये. परंतु पेढ्यांची राष्ट्रीय संघटना स्वतःच सांगत आली आहे की, तिच्या जाळ्यातून एक जेवण पोहोचते तेव्हा सरकारी अन्नसाहाय्यातून नऊ पोहोचतात. दानाने हक्काची जागा भरून निघत नाही, ही कबुली दात्यांनीच द्यावी हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

भारतालाही हा प्रश्न अनोळखी नाही. २००१ साली देशातील सरकारी गोदामे गव्हा-तांदळाने ओसंडत होती आणि राजस्थानात दुष्काळग्रस्त माणसे उपाशी होती. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ह्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबर रोजी न्यायालयाने सरकारी शाळांतील मुलांना शिजविलेले मध्यान्ह भोजन देण्याची आज्ञा केली. २०१३ साली अन्नसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व नागरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्यावर हक्क दिला. पुढच्याच वर्षी हैदराबाद नगरपालिकेने पाच रुपयांत भोजन देणारी केंद्रे आरंभिली, आणि दिल्लीत उपाहारगृहांतील उरलेले अन्न गोळा करून रात्री फूटपाथवर पोहोचविणाऱ्या तरुणांचे एक पथक उभे राहिले. एका बाजूस हक्क, दुसऱ्या बाजूस सेवा. नगरातील भुकेला ह्या दोन्ही हातांची आवश्यकता असते.

मराठी मनाला हे नाते दामाजीपंतांच्या कथेतून फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मंगळवेढ्याची कोठारे बादशहाची होती. दामाजीपंत त्यांचे केवळ रक्षक होते. दुष्काळात माणसे दारी मरू लागली तेव्हा त्यांनी कोठारे उघडली आणि पुढच्या शिक्षेची पर्वा केली नाही. विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बिदरच्या दरबारी त्या धान्याची रक्कम भरली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कोठारातले धान्य शेवटी कोणाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर दामाजीपंतांनी हिशेबाच्या वहीत शोधले नाही. ते त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यांत वाचले.

डेट्रॉइटच्या मठाच्या दारात, फिनिक्सच्या ओस बेकरीत आणि मंगळवेढ्याच्या कोठाराशी हाच प्रश्न निरनिराळ्या वेशांत उभा राहिला. उरलेले अन्न वाया जाऊ न देणे हे पुण्यकर्म आहेच. परंतु तो अर्धाच मार्ग होय. शिध्याची पिशवी देताना घेणाऱ्याची मान खाली जाते की नाही, त्याला काय हवे हे विचारले जाते की नाही, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा यावे लागू नये ह्यासाठी काही केले जाते की नाही, ह्या तीन गोष्टींत उरलेला मार्ग आहे. पंक्तीत वाढणाऱ्या प्रत्येक हाताला ह्याची जाणीव असावी. मुंगसाचे अर्धे अंग अजूनही सोन्याचे व्हायचे राहिले आहे, आणि ते दारोदार हिंडतच आहे.